मागचा हब गेला म्हणून सायकल भंगारात नको



मे महिना आला की काय करायचं ते आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. फाटकी जाळी सांधायला घेतो, होडी काठावर ओढून उलटी घालतो, भेगा बुजवतो, रंग-तेल करतो. इंजिन असेल तर मेकॅनिकला दाखवतो. पण ज्या सायकलच्या कॅरिअरवरून शेवटे, काळुंद्रे आणि कुर्ल्या घराघरांत पोचतात, तिचं मागचं चाक वाटेत अडेपर्यंत कुणी उघडून बघत नाही. सीटला नवं कव्हर, नवा हॉर्न, चेनला तेल आणि हबच्या आत कोरडा गंज! हे बरोबर नाही, म्हणून लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. मागचा हब वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, उघडायलाच हवा. छर्रे आणि कोन गेले असतील तर तेवढेच बदला. आतला कप खड्डे पडून गेला असेल तर डागडुजीत पैसे घालू नका, हब बदला. आणि ही दोन्ही कामं गावातच व्हावीत म्हणून लागणारं सामान आपल्या सोसायटीने ठेवावं.

पोरांसाठी थोडं समजावून सांगतो. बैलगाडीच्या चाकाला मध्ये तुंबा असतो, तसा सायकलच्या चाकाला हब. त्याच्या आरपार एक्सल जातो. हबच्या दोन्ही टोकांना आत वाटीसारखा कप असतो, एक्सलवर आट्यांनी बसणारा कोन असतो आणि कप-कोनाच्या मध्ये छर्रे फिरतात. साध्या काळ्या सायकलच्या मागच्या हबमध्ये पाव इंची छर्रे, एका बाजूला ९, दोन्ही मिळून १८. कॅरिअरवरची क्रेट, बर्फ, मासे आणि वर आपण स्वतः, यातला बहुतेक भार त्या १८ छर्‍यांवर. पुढच्या चाकावर त्या मानाने थोडाच.

आता आपल्याकडे हब लवकर का जातो? सगळे खड्ड्यांना दोष देतात. खड्डे आहेतच. पण खरा शत्रू वरून ठिबकतो. क्रेटमधला बर्फ वितळतो, त्यात माशांचं खारं पाणी मिसळतं आणि ते कॅरिअरवरून सरळ हबवर आणि फ्रीव्हीलवर पडतं. रोज, थेंब थेंब. शिवाय उन्हाळ्यात भरतीचं खारं पाणी मांडवीतून नार्व्याच्याही वर चढतं. काठावरच्या चिखलातून, दिवाडीच्या फेरीच्या ओल्या उतरणीवरून सायकल ढकलत न्यावीच लागते. पुढे डिचोलीकडे निघालो की लाल धूळ. मीठ गंज धरवतं आणि धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. ग्रीस कितीही चांगला असला तरी या दोघांपुढे वर्षभर टिकत नाही.

यावर एक फुकटचा उपाय आहे. क्रेटखाली जाड प्लास्टिक किंवा जुना रबरी तुकडा असा घाला की पाणी एका बाजूला चाकापासून लांब पडेल. मासे विकून आल्यावर चाकावर गोड्या पाण्याचा तांब्या ओता, पण होजचा जोराचा फवारा हबच्या तोंडावर मारू नका. त्या फवाऱ्याने मीठ बाहेर येत नाही, पाणी मात्र आत जातं. आणि सायकल नदीत घालून धुणं तर बंदच करा.

हब बिघडतोय हे ओळखायचं कसं? त्यासाठी दुकानात जायला नको. मागचं चाक वर उचला, रिम धरून डावी-उजवीकडे हलवा. टकटक हललं तर कोन ढिला झालाय किंवा झिजलाय. मग चाक हळू फिरवून हाताने फ्रेमला स्पर्श करा. वाळू दळल्यासारखी खरखर जाणवली तर आत गंज नाहीतर फुटका छर्रा. ब्रेक एकदा रिमला घासतो, एकदा घासत नाही, चाकाला आऊटही नाही, तरी हबच बघा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. एक्सल आत तुटला तरी चाक लगेच निखळत नाही. दोन्ही बाजूंच्या नटांनी दोन तुकडे जागेवर धरलेले असतात. माणूस म्हणतो, चाक जरा डुगडुगतंय, बघू नंतर. आणि महिनाभर तसाच चालवतो. तेवढ्यात दोन्ही कप संपतात. एक्सल बहुतेक वेळा फ्रीव्हीलच्या बाजूलाच तुटतो, कारण त्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला असतात आणि एक्सलचा बराच तुकडा आधाराशिवाय बाहेर राहतो. जास्त वजन घालणाऱ्याने ही बाजू आधी तपासावी.

उघडल्यावर काय बघायचं? सगळं रॉकेलने धुवा आणि उजेडात धरा. कोनावर छर्रे जिथे फिरतात तिथे गुळगुळीत चकाकता पट्टा दिसला तर ठीक. बारीक खड्डे दिसले तर कोन बदला. छर्रे तर प्रत्येक वेळी नवेच घाला, जुने-नवे मिसळू नका. आपल्या बाजारातल्या एका वाट्याच्या किमतीत छर्रे, कोन आणि ग्रीस सगळं बसतं. ग्रीस बोटीच्या शाफ्टला लावतो तो, पाण्याने न धुपणारा घ्या. इंजिनाचं जळकं ऑइल हबमध्ये ओतणं म्हणजे वंगण नव्हे, घाण आहे.

कोन आवळताना फार घट्ट करू नका. चाक उचलून सोडलं की व्हॉल्व्हच्या वजनाने आपोआप फिरून व्हॉल्व्ह खाली येऊन थांबलं पाहिजे. तितपत मोकळं आणि रिमला हलवलं तर टकटक नाही, हे बरोबर. नवीन पोरं घट्ट करण्यातच शहाणपण समजतात. आठवड्यात कोन चावला जातो.

कपला मात्र खड्डे पडले असतील तर नवे छर्रे, नवा कोन घालून उपयोग नाही. दोन महिन्यांत तेच. काही हबचे कप ठोकून काढून नवे बसवता येतात, पण त्या मापाचे मिळाले तर. नाही मिळाले तर हब बदला. इथे प्रश्न येतो, नुसता हब बदलायचा की तयार चाकच आणायचं? दुकानदार सहसा तयार चाक म्हणतो, कारण त्याला चाक बांधायचं नसतं. माझं मत असं: रिम गंजून पापुद्रे निघत असतील, तारा निपलमध्येच कुजल्या असतील तर तयार चाक घ्या, उगाच जुन्याला चिकटू नका. पण ते आणल्यावर तारा एकदा ताणून घ्या आणि महिन्याने पुन्हा. भार पडला की नव्या तारा सैल होतात, आणि आपला भार म्हणजे एका माणसाचा नव्हे. रिम चांगली असेल तर मात्र नवा हब घालून चाक बांधून घेणं हाच फायद्याचा रस्ता.

त्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, जुना हब सोबत घेऊन दुकानात जा. साध्या सायकलच्या मागच्या चाकाला ४० तारा असतात, पुढच्याला ३२. दुसऱ्या सायकलींना ३६ असतात. ४० भोकांच्या रिमला ३६ चा हब चालत नाही. हबची थाळी लहान-मोठी असली तरी तारांची लांबी बदलते, मग तारांचाही खर्च. दुसरी, तारा कापायच्या आधी फ्रीव्हील काढून घ्या. पेडल मारू तसं ते आट्यांवर आवळतच जातं, त्यात गंज. चाक शाबूत असेल तर रिम धरून जोर लावता येतो. तारा कापल्यावर हातात नुसता हब राहिला की ते फ्रीव्हील सुटता सुटत नाही, आणि चांगलं फ्रीव्हील हबबरोबर भंगारात जातं.

काही जण म्हणतात, साध्या सायकलचे पार्ट आता कुठे मिळतात? ॲटलस बंद झाली ना! बरोबर, १९५१ ला सोनीपतला सुरू झालेल्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, तोही नेमका जागतिक सायकल दिनी. पण कंपनी बंद पडली म्हणून पार्ट बंद पडत नाहीत. लुधियानात सायकलचे सुटे भाग करणारे लहान-मोठे कारखाने भरपूर आहेत आणि काळ्या सायकलचं माप जवळपास ठरलेलं आहे. पाव इंची छर्रा कोणत्याही कंपनीचा चालतो. गिअरच्या नव्या सायकलींपैकी काहींत सीलबंद बेअरिंग असतं, त्यावर नंबर छापलेला असतो. तो नंबर मोटर-पंप दुरुस्तीवाल्याकडेही मिळतो. अडचण पार्टची नाही, चाक बांधणाऱ्या हातांची आहे. ते हात म्हातारे झालेत आणि त्यांच्या शेजारी शिकायला कुणी बसत नाही.

दुसरं म्हणणं, सायकलचं एवढं काय, स्कूटर घ्या. ज्याला जमतं त्याने जरूर घ्यावी. पण थोडेच मासे घेऊन चार वाडे फिरणाऱ्याचा पेट्रोलचा हिशेब करून बघा. शेवटच्या दोन वाट्यांचे पैसे टाकीत जातात. त्याची सायकल सकाळी आठला रस्त्यात बसली तर त्या दिवशी नुसती मजुरी जात नाही, माल जातो. बर्फ थांबत नाही आणि घरोघरचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडून मासे घेतं. अठरा छर्‍यांचा प्रश्न असा पोटाशी येतो.

म्हणून सोसायटीकडे माझी मागणी साधी आहे. जाळ्यांचं सामान ठेवतो तिथेच एक पत्र्याची पेटी ठेवूया. पाव इंची छर्रे, तीन-चार प्रकारचे कोन, दोन-तीन एक्सल, ४० भोकांचे दोन हब, तारा आणि निपल, ग्रीसचा डबा, कोन धरायचे पातळ पाने आणि फ्रीव्हील काढायचा पुलर. पार्ट आणलेल्या किमतीला द्यायचे, वहीत लिहायचे, पैसे मासे विकल्यावर. हत्यारं तिथेच वापरायची, घरी न्यायची नाहीत, नाहीतर पुलर पहिल्या आठवड्यात गायब. आणि चाक बांधणारा जो जाणता माणूस आहे त्याला मे महिन्यात चार दिवस बोलवून, मजुरी देऊन, दोन पोरांना शिकवूया. जाळं सांधायला शिकलेल्या हाताला तारा एकमेकींवरून घालणं अवघड जाऊ नये. आऊट काढायला वेगळं स्टँडही लागत नाही, सायकल उलटी केली की फ्रेमच स्टँड.

१ जून ते ३१ जुलै बोटींना बंदी असते, ते ६१ दिवस आपल्यातले बरेच जण दुरुस्तीतच घालवतात. नदीत होडी घालणाऱ्यांनाही लाल पाणी आलं की सवड मिळते. त्या यादीत एक ओळ वाढवूया: मागचा हब.

आज घरी गेल्यावर मागचं चाक उचलून एकदा हलवून बघा. टकटक झाली तर खाली लिहा, सायकल साधी की गिअरची तेही लिहा. किती जणांना काय लागतं ते कळलं की पेटीत काय भरायचं ते पुढच्या बैठकीत ठरवता येईल.