अक्राळविक्राळ सोंगाचा हिशेब

सन २०१२ च्या मार्च महिन्याच्या ११ तारखेस मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलात, राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी उभ्या केलेल्या ‘सुपर फाइट लीग’ या मिश्र युद्धकलेच्या नव्या संस्थेचा पहिला जलसा झाला, आणि त्या रात्रीची मुख्य लढत म्हणून ज्या दोन अगडबंब देहांची नावे जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापली गेली होती, त्यांपैकी एक इंग्लंडचा जेम्स थॉम्पसन आणि दुसरा अमेरिकेचा बॉब सॅप हा होता. त्याच वर्षी जुलैच्या १२ तारखेस त्याच मुंबई शहरात मल्ल आणि नट दारासिंग यांनी देह ठेवला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध जोडावा असे त्या वेळी कोणास सुचले नसावे. परंतु लढणाऱ्या माणसाने लोकरंजनाचा व्यवसाय पत्करणे यात उचित काय आणि अनुचित काय, या प्रश्नाचा विचार करू लागलो की सॅप आणि दारासिंग ही दोन्ही माणसे माझ्या मनात शेजारी शेजारी येऊन उभी राहतात.

बॉब सॅप हा १९७३ साली अमेरिकेच्या कोलोरॅडो प्रांतात जन्मला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संघातून तो त्यांच्याकडचा फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू धरून छातीवर छाती आदळण्याचा तो खेळ, खेळला. १९९७ साली शिकागोच्या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली. परंतु तिथे त्याचे बस्तान बसले नाही, पुढे मिनेसोटाच्या संघातही त्यास फारसे खेळावयास मिळाले नाही, आणि निषिद्ध औषधांच्या आरोपावरून निलंबनाचा हुकूम हाती पडल्यावर तो मार्ग कायमचा बंद झाला. त्यानंतर त्याने अमेरिकेतील नाटकी कुस्तीच्या एका कंपनीत उमेदवारी आरंभिली, तोच ती कंपनीही प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली. पुढे एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातील हौशी मुष्टियुद्धात त्याने आपल्यासारख्याच एका धिप्पाड निवृत्त फुटबॉलपटूस लोळविले, आणि जपानमधील सामन्यांच्या आयोजकांचे लक्ष त्याच्याकडे गेले. सुमारे साडेसहा फूट उंची, भराच्या काळात १७० किलोच्या घरातले वजन, आणि चेहऱ्यावर क्षणात उग्र व क्षणात बालसुलभ होणारा भाव. एवढेच भांडवल घेऊन तो २००२ साली जपानात उतरला.

ते २००२ साल त्याच्या आयुष्यातील सर्वांत देदीप्यमान साल होय, आणि त्या सालावाचून त्याचा न्याय करणे अन्यायाचे ठरेल. एप्रिलमध्ये मिश्र युद्धकलेच्या ‘प्राइड’ स्पर्धेत त्याने पहिला जपानी प्रतिस्पर्धी गारद केला. जूनमध्ये दुसऱ्यास अवघ्या ११ सेकंदांत झोपविले. त्याच जूनमध्ये ‘के-वन’ या लाथाबुक्क्यांच्या स्पर्धेतील पहिल्या लढतीत मात्र तो नियमभंगाबद्दल बाद ठरला, कारण समोरच्यास ठोसे मारावयाचे की उचलून आपटावयाचे हा विवेक त्या धसमुसळ्या गड्यास अद्याप आला नव्हता. ऑगस्टच्या २८ तारखेस टोकियोच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर, उघड्या आकाशाखाली जमलेल्या अफाट गर्दीसमोर, त्याची गाठ ब्राझीलच्या आंतोनियो रोद्रिगो नोगेइरा या त्या काळच्या विजेत्याशी पडली. नोगेइराचे वजन सॅपच्या वजनाहून साठ-पासष्ट किलोंनी कमी. आरंभीच सॅपने त्याला उचलून डोक्यावर असा आपटला, की पाहणारास त्याची मान मोडली असेच वाटावे. पहिल्या फेरीभर त्याला जमिनीवर दाबून बुकलून काढले. आणि तरीही दुसऱ्या फेरीत तो दमला आहे हे हेरून त्या मुरलेल्या ब्राझिलियनाने खालच्या खाली त्याचा हात कोपरात असा अडकविला की सॅपला हार कबूल करणे भाग पडले. बळ आणि विद्या यांच्या झुंजीचा इतका स्वच्छ निकाल लागलेला मी तरी क्वचितच पाहिला आहे. आमच्याकडील कोणत्याही तालमीच्या वस्तादाने ती लढत आपल्या शागिर्दांस दाखवावी, अशा योग्यतेची ती आहे.

परंतु खरे आश्चर्य पुढेच घडले. एर्नेस्तो होस्त हा हॉलंडचा लढवय्या ‘के-वन’ची महास्पर्धा तोवर तीन वेळा जिंकलेला, लाथ आणि ठोसा यांचे व्याकरण कोळून प्यालेला. त्याला या अर्धशिक्षित पहाडाने ऑक्टोबरात हरविले, आणि दैवयोग होता असे कोणी म्हणू नये म्हणून की काय, डिसेंबरात टोकियो डोममध्ये पुन्हा हरविले. मात्र त्या दुसऱ्या विजयात सॅपच्या हाताला दुखापत झाली, पुढच्या फेरीस तो उभा राहू शकला नाही, त्याच्या जागी पराभूत होस्तलाच परत बोलावण्यात आले, आणि होस्तने त्याच रात्री चौथ्यांदा विजेतेपद मिळविले. जिंकलेला घरी गेला आणि हरलेल्यास मुकुट मिळाला. मला वाटते, सॅपच्या अवघ्या कारकिर्दीचे सूत्र त्या एका रात्रीत आहे: त्याच्या हाती सामर्थ्य आले, परंतु ते टिकवून धरण्याची विद्या आली नाही.

पुढच्या मार्चमध्ये क्रोएशियाच्या मिर्को क्रो कॉपने डाव्या हाताच्या एका सरळ ठोशाने त्याच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले. त्या पराभवानंतर जपानी जनतेने त्याला टाकून दिले असते तर नवल नव्हते. तथापि तोवर तो लढवय्या म्हणून जेवढा लोकांस हवा होता, त्याहून रंजनकार म्हणून अधिक हवासा झालेला होता. ‘पशू’ हे त्याचे रंगभूमीवरचे नाव. आणि हा पशू जाहिरातींतून हसे, गाणी गाई, त्यांचा संग्रह काढी, लहान मुलांच्या खेळण्यांवर झळके, दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत येऊन डोळे वटारी आणि मग खदखदून हसे. २००३ सालच्या ३१ डिसेंबरला नागोयाच्या बंदिस्त मैदानात त्याने अकेबोनो या निवृत्त सुमो महामल्लास पहिल्याच फेरीत पाडले, तेव्हा काही मिनिटे या लढतीच्या प्रेक्षकांची संख्या वर्षअखेरीच्या गीतमहोत्सवाच्या प्रेक्षकांहूनही अधिक झाली होती. जो गीतमहोत्सव पाहिल्याखेरीज जपानी कुटुंबाचे वर्ष संपत नाही, त्यावर कुरघोडी करणारा माणूस परदेशी, कृष्णवर्णी, आणि ‘पशू’ म्हणून मिरविणारा होता, ही गोष्ट सामान्य नव्हे. २००४ च्या मार्चमध्ये जपानच्या नाटकी कुस्तीचे मानाचे विजेतेपदही त्याने केन्सुके सासाकीकडून घेतले, आणि पुढे हॉलिवूडच्या ‘द लाँगेस्ट यार्ड’, ‘इलेक्ट्रा’, ‘कोनन’ यांसारख्या चित्रपटांतून त्याने लहान भूमिका केल्या.

हे सारे वाचताना माझ्यासारख्या गोव्यातल्या कोरगावकराच्या डोळ्यांपुढे संकासुर येतो. आमच्या कमळेश्वराच्या देवळापुढे, आणि पेडणे महालातील जवळजवळ प्रत्येक जत्रेत, तेरेखोलच्या पलीकडून वालावलकर, मोचेमाडकर अशी नावे लावणारी दशावतारी मंडळे येतात, आणि मूळ आख्यान सुरू होण्यापूर्वीच्या आडदशावतारात काळा अंगरखा, काळा बुरखा आणि लोंबती लाल जीभ लावून तो वेदचोर असुर प्रवेश करतो. लहान मुले प्रथम आईच्या कुशीत शिरतात. आणि थोड्याच वेळात भटजीशी मालवणीत हुज्जत घालणाऱ्या त्याच असुरास पाहून सर्वांत मोठ्याने हसतात ती तीच मुले. भयाचे रूपांतर हास्यात करणे ही रंगभूमीवरील एक दुर्घट किमया आहे, आणि ती साधलेला नट आमच्या भागात राजाची भूमिका करणाऱ्याइतकाच मान पावतो. सॅपला ती किमया उपजत साधली होती, असे माझे प्रामाणिक मत आहे. एवढ्यावरच त्याची गोष्ट संपली असती, तर मी त्यास मुक्तकंठाने गौरविले असते.

ती तिथे संपली नाही. लढतीचे आमंत्रण येत राहिले आणि बिदागी मिळत राहिली, म्हणून तो लढत राहिला; किंवा असे म्हणावे की, तो लढतीस उपस्थित राहत राहिला. तयारी नाही, ईर्ष्या नाही; दोन ठोसे बसले की खाली पडावयाचे, जमिनीवर थाप मारून हार कबूल करावयाची आणि करारनाम्याप्रमाणे पैसे घेऊन विमानात बसावयाचे, असा शिरस्ताच पडला. २०११ पासूनच्या दोन-तीन वर्षांत तो देशोदेशी फिरून एकामागून एक हरत गेला. मुंबईस येण्यापूर्वी एकच महिना आधी, फेब्रुवारीत, जाकार्ता येथे रोलेस ग्रेसीसमोर त्याने असेच अल्पावधीत हात टेकले होते. हे ठाऊक असूनही, किंवा कदाचित ठाऊक होते म्हणूनच, मुंबईच्या आयोजकांनी त्याला मुख्य लढतीस आणले. थॉम्पसनने त्याला खाली घेतले, पाय दुखावल्याचे सांगून सॅपने पहिल्याच फेरीत शरणागती पत्करली, आणि भारतातील या खेळाच्या पहिल्या मोठ्या रात्रीचा कळसाध्याय अशा रीतीने आटोपला. आपण पैशासाठी लढतो आणि देह मोडून घेण्याची आपली इच्छा नाही, हे सॅपने पुढे उघडपणे सांगितले आहे. त्याचे हे सांगणे मला निंद्य वाटत नाही. डोळ्याचे हाड मोडून घेतलेल्या माणसास आपले उरलेले शरीर जपण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार त्यास कोणी इनाम म्हणून द्यावयाचा नाही; तो त्याचा जन्मजात आहे. माझा आक्षेप आहे तो त्या माणसाला लढत म्हणून विकणाऱ्यांवर, आणि काही अंशी त्याला विकत घेणाऱ्या आम्हा प्रेक्षकांवर.

येथे दारासिंगांचे स्मरण अपरिहार्य होते. अमृतसर जिल्ह्यात १९२८ साली जन्मलेला हा जाट तरुण सिंगापूरला जाऊन कुस्त्या करू लागला, आणि पुढे मुंबईच्या वल्लभभाई पटेल क्रीडागारात त्याच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना जी गर्दी लोटे, तिच्यात कोकण आणि घाटावरचे गिरणी कामगार मोठ्या संख्येने असत. त्या कुस्त्यांपैकी किती निकाली आणि किती नुरा, याविषयी आमच्या लाल मातीतल्या वस्तादांची मते फार कडक होती, आणि ती निराधार नव्हती. १९६८ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरविल्याची वार्ता सर्व देशाने डोक्यावर घेतली. पण त्याआधीच, १९६२ च्या ‘किंगकाँग’ चित्रपटापासून, दारासिंग पडद्यावर स्थिरावले होते. पुढे १९८७ साली दूरदर्शनच्या रामायणात ते हनुमान झाले, आणि खेड्यापाड्यांतल्या माणसांनी त्यांना त्याच रूपात स्वीकारले. मला येथे महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, की १९८३ साली त्यांनी कुस्तीचा निरोप रीतसर घेतला. मल्लाचा लंगोट उतरविला आणि मगच नटाचा शेला पूर्णांशाने पांघरला. पराभवाचा व्यापार त्यांनी मांडला नाही, कोणी मांडावयास सांगितला असता तर ते तयार झाले नसते, असे मानावयास त्यांचे उर्वरित आयुष्य पुरेसे आहे.

सॅपच्या बिदागीचा विचार करताना मला आणखी दोन माणसे आठवतात, आणि ती दोन्ही आपली आहेत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीस गेले ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या ७००० रुपयांच्या आधारावर; स्वतंत्र भारतास त्यांनी पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणून दिले, पोलीस खात्यात नोकरी केली, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्काराची सनद त्यांच्या नावे निघाली ती मरणोत्तर. दुसरा भरत खंदारे. मुंबईचा हा मराठी तरुण २०१७ च्या नोव्हेंबरात शांघाय येथे, जगातील सर्वांत मोठ्या समजल्या जाणाऱ्या यूएफसी या मिश्र युद्धकलेच्या संस्थेच्या पिंजऱ्यात उतरला. भारतातून तिथवर पोहोचलेला तो पहिला. सोंग याडोंग या चिनी तरुणाने त्याला पहिल्याच फेरीत गळफासाच्या डावाने हरविले. निकालाच्या वहीत पाहावे तर अंधेरीतल्या सॅपचा पराभव आणि शांघायमधल्या खंदारेचा पराभव यांची नोंद एकाच शब्दात होते. पण खंदारेने वर्षानुवर्षे घाम गाळून, हरण्याचा धोका पत्करून, जिंकण्यासाठी पाऊल आत टाकले होते, आणि सॅपने हरण्याचे मोल आधीच ठरविले होते. ही नोंद एकच राहणे मला असह्य वाटते, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

सॅप पुढे पूर्ण विझला असेही नाही. २०१५ च्या वर्षअखेरीस त्याने अकेबोनोस पुन्हा हरविले, आणि २०१८ साली, पंचेचाळिशी गाठलेली असताना, एका माजी सुमो मल्लाशी अखेरपर्यंत उभा राहून तो पंचांच्या निर्णयाने जिंकला. जपानी प्रेक्षकांसमोर, जिथे त्याच्यावर लोकांनी जीव लावला होता, तिथे त्यास लढावेसे वाटले; इतरत्र वाटले नाही. यात मला त्याच्या स्वभावाची एक हृद्य बाजू दिसते आणि मुंबईच्या प्रेक्षकाचा झालेला अपमानही अधिक स्पष्ट दिसतो.

आमच्या पेडणे-डिचोलीकडील मुले आता हातातल्या यंत्रावर या पिंजऱ्यातील लढती रात्र रात्र पाहतात, त्यांतली काही स्वतः शिकूही लागली आहेत, आणि असे जलसे गोव्यात होऊ लागले तर त्यांची जाहिरातही अशाच एखाद्या अजस्र परदेशी नावाने होईल, याविषयी मला शंका नाही. त्यांना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की तिकीट काढाल तर त्या शेवटच्या मोठ्या नावाखातर काढू नका. फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली, आपल्याच तालुक्या-जिल्ह्यांतल्या पोरांची नावे वाचा, आणि त्यांची पहिली लढत सुरू होण्यापूर्वी आपल्या जागेवर जाऊन बसा.