भर दुपारचा फुटबॉल

१७ जुलै १९९४ रोजी कॅलिफोर्नियातील पासाडिना येथे ब्राझील आणि इटली यांच्यातील विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा तेथे दुपारचे साडेबारा वाजले होते. रोममध्ये रात्रीचे साडेनऊ आणि आपल्याकडे एक. १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. बाजिओची पेनल्टी आडव्या खांबावरून गेली, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. त्या उन्हात दोन तास धावलेल्या पायांकडून आणखी काय अपेक्षा करायची, हे फार थोड्यांनी विचारले.

युरोपातला प्रेक्षक रात्री जेवून दूरचित्रवाणीसमोर बसतो, त्या हिशेबाने वेळा ठरल्या होत्या. त्याच स्पर्धेत ओरलँडोला भर दुपारी मेक्सिकोविरुद्ध आयर्लंडचे खेळाडू होरपळत असताना प्रशिक्षक जॅक चार्लटन पाणी आणि बदली खेळाडू यांवरून अधिकाऱ्यांशी भांडले. शिक्षा कोणाला? चार्लटन यांनाच. दंड झाला आणि पुढच्या सामन्यात मैदानालगत उभे राहण्यास बंदी.

तेव्हापासून पृथ्वी आणखी तापली आहे. २०२४ हे औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीहून दीड अंशाने अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. पण फुटबॉलपटूचा वैरी नुसता पारा नव्हे, दमट हवाही. घाम वाळला तरच अंग निवते. हे मुंबईकराला सांगायला नको. म्हणून ऊन, वारा आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात. त्यात ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के वजन असते. हा आकडा ३२ च्या वर गेला की पाण्यासाठी खेळ थांबवावा, असा फिफाचा दंडक. खेळाडूंची संघटना फिफप्रो म्हणते, २८ च्या वर सामनाच पुढे ढकला. मला संघटनेचे पटते. घोटभर पाण्याने अंगात साठलेली आग विझत नाही.

हा दंडकही २०१४ साली ब्राझीलमधील न्यायालयाने बजावल्यावर सक्तीचा झाला. फोर्तालेझाला अशाच विश्रांतीत हॉलंडचे प्रशिक्षक व्हान गाल यांनी डावपेच बदलले आणि मेक्सिकोच्या हातचा सामना गेला! २०२५ मध्ये अमेरिकेत क्लब विश्वचषकात डॉर्टमुंडचे राखीव खेळाडू पूर्वार्धभर ड्रेसिंग रूममध्येच बसून राहिले. बाकावरही ऊन सोसवेना. पुढे फिफाने २०२६ च्या विश्वचषकासाठी हवा कशीही असो, प्रत्येक अर्धात तीन मिनिटांची विश्रांती ठरवली.

कतारसाठी २०२२ साली अख्खी स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात नेली. युरोपच्या लीग महिनाभर थांबल्या, कोणाचे आभाळ कोसळले नाही. महिना हलतो, मग तास का हलत नाही? अमेरिकेत संध्याकाळी सातला सामना ठेवला, तर पूर्व किनाऱ्यावरचा खेळ आपल्याला पहाटे साडेचारला दिसेल. मी गजर लावून उठेन. पण तेव्हा युरोपात मध्यरात्र उलटलेली असते, आणि प्रक्षेपणाचा मोठा पैसा तिकडूनच येतो.

१९ जुलै २०२६ च्या अंतिम सामन्याची वेळ न्यू जर्सीत दुपारी ३ अशी ठरवण्यात आली. त्या वेळी रोममध्ये रात्रीचे ९ वाजतात.