तज्ज्ञ शेजारीच आहेत!

पालकहो, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर आला. पुढे शाळा उघडल्या, तरी मोबाईलवरचा अभ्यास राहिलाच. ऑनलाईन तासाला पाहुणा बोलावला की मुले कॅमेरा बंद करून नुसती ऐकतात. त्यापेक्षा पाहुण्याची मुलाखत हाच गृहपाठ द्यावा.

पाहुणा आणायचा कुठून? दौंड जंक्शनात रेल्वेत हयात घालवलेली माणसे आहेत. शिरूरकडे कांदा पिकवणारा शेतकरी आहे, रांजणगाव एमआयडीसीतला फिटर आहे. ज्याने काम केले तो तज्ज्ञ. पदवी नाही म्हणून त्याचे ज्ञान उणे ठरत नाही.

उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून मुलाखती घेतल्या. त्यातून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध झाले. कुणी विचारलेच नसते, तर त्या बायांच्या कितीतरी आठवणी त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या.

रीत सोपी आहे. पाच प्रश्न लिहून आधी गुरुजींना दाखवावेत. ‘हो-नाही’त उत्तर संपेल तो प्रश्न खोडावा. परवानगी घेऊन फोनवर आवाज टिपावा, ऐकून स्वतः लिहावे आणि पाहुण्याला वाचून दाखवावे. घरी नेट नसेल त्या मुलाने वही घेऊन शेजारच्या आजीपुढे बसावे. त्याचे गुण कापू नयेत.

गुण प्रश्नांना द्यावेत, व्हिडिओच्या झगमगाटाला नव्हे. विचारायला शिकलेले मूल उद्या कचेरीतही मान खाली घालून उभे राहणार नाही.