गृहिणीचें कपाट : चिंध्यांचें गांठोडें

मार्गशीर्षाची थंडी नगर जिल्ह्यांत पडूं लागली कीं घरोघरच्या माळ्यावरून दोन वस्तू खालीं येतात. पहिली वस्तु म्हणजे गोधडी. दुसरी म्हणजे या गोधडीला जोडीदारीण शिवावी म्हणून वर्षभर साठविलेलें जुन्या कपड्यांचें गांठोडें. गोधडी त्याच रात्रीं अंगावर जाते. गांठोडें मात्र चार दिवस पडवींत पडून राहतें, वाटेंत येतें म्हणून पुन्हां माळ्यावर जातें, आणि एखाद्या दुपारीं बोहारीण दाराशीं आली म्हणजे एका स्टीलच्या डब्याच्या मोबदल्यांत उंबऱ्याबाहेर पडतें. या महिन्यांत आमच्या वाचक-भगिनींशीं आम्ही बोलणार आहों तें या गांठोड्याविषयीं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील जीर्ण वस्त्राचा दृष्टांत आपल्या घरांत सर्वांच्या परिचयाचा आहे. आपल्या आज्या-पणज्यांनीं तो मानला, परंतु आपल्या परीनें मानला. त्यांच्या हिशेबीं पुनर्जन्म देहाला होता तसा वस्त्रालाही होता. लुगडें विरलें कीं त्याच्या धड भागाचा मुलीसाठीं परकर होई. परकर आंखूड झाला कीं बाळाचें दुपटें. दुपटें विटलें कीं गोधडीचा आंतला थर. त्यांतूनही जें उरे त्याचें हातपुसणें, मग पोतेरें. स्वच्छ चिंधी असेल तर ती पिळून तिचा काकडा करीत, आणि तो पहाटे देवापुढें जळे. एका लुगड्याचा इतका लांब प्रवास पाहिला म्हणजे ‘टाकाऊ’ हा शब्द त्या घरांत कां नव्हता तें कळतें.

आमच्या या जिल्ह्याला तर कापडाचें नातें फार जुनें आहे. इंग्रजी अमदानींत १८८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या गॅझेटियरांत नगरचे मुख्य उद्योग म्हणून लुगडीं विणणें व तांब्या-पितळेचीं भांडीं घडविणें हे दोन सांगितले आहेत. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती या शहरांत झाली ती याच मागांच्या आधारानें. जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांनीं पुढें महेश्वरीं विणकरांना आश्रय दिला; २०२४ सालीं जिल्ह्याला ‘अहिल्यानगर’ हें नांव मिळालें तें त्यांचेंच. ज्या भूमीनें लुगडें विणलें आणि भांडेंही घडविलें, त्याच भूमींत आज लुगडें देऊन भांडें घेण्याचा व्यवहार दारोदार चालावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

कापड दुर्मिळ झालें म्हणजे त्याची किंमत कळते. १९४३ सालीं युद्धकाळांत सरकारनें कापडावर नियंत्रण घातलें, तेव्हां प्रत्येक घरांतील सुईला काम मिळालें. त्या पिढीच्या स्त्रिया पुढें आयुष्यभर एकही धड तुकडा टाकीत नसत. आणि चिंधीला दुबळी समजणाऱ्यांनीं शिरडीची गोष्ट आठवावी. दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरितां’त असें सांगितलें आहे कीं, नानासाहेब डेंगळे यांनीं आणलेली चार हात लांब व वीतभर रुंद अशी फळी साईबाबांनीं मशिदीच्या आढ्याला जुन्या चिंध्यांनीं टांगली आणि तिच्यावर ते निजत. भक्तांना नवल त्या निजण्याचें वाटे. आम्हां शिवणकाम करणाऱ्यांना त्या चिंध्यांचेंही वाटतें.

बोहारणीस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. तो तिचा पोटाचा धंदा आहे, आणि तिनें नेलेलें कापड निवडून, सांधून पुन्हां कोणाच्या तरी अंगावर जातें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जें द्यावयाचें तें एकेक उलगडून, पाहून द्यावें. खऱ्या जरीच्या कांठांत चांदीची तार असते. तो कांठ डब्याच्या भावानें जाऊं नये. आणि कांहीं वस्त्रें अशीं असतात कीं त्यांची किंमत कोणत्याच भांड्यांत मोजतां येत नाहीं.

याच संदर्भांत श्रीरामपूर तालुक्यांतील एका भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्या लिहितात कीं, सासूबाईंना जाऊन वर्ष झालें. त्यांचीं चौदा लुगडीं-पातळें ट्रंकेंत तशींच आहेत. थोरल्या जाऊबाई वांटून घेऊं म्हणतात, धाकटी दान करूं म्हणते, आणि पुरुषमंडळी ‘एकदांचें काय तें करा’ म्हणून मोकळी होतात. ‘मला तीं घराबाहेर जाऊं द्यावींशीं वाटत नाहींत, परंतु मी पडलें मधली, माझ्या म्हणण्याला वजन नाहीं,’ असें त्यांनीं शेवटीं लिहिलें आहे.

या भगिनीस आमचें उत्तर असें. तिघी जावांचें म्हणणें खरें आहे, आणि तिन्ही एकाच ट्रंकेंत मावण्यासारखीं आहेत. प्रथम तिघींनीं एके दुपारीं एकत्र बसून चौदाही वस्त्रें उन्हांत धरून पाहावीं. जीं नेसण्यासारखीं आहेत तीं वांटून घ्यावींत व खरोखर नेसावींत. ट्रंकेंतून ट्रंकेंत जाणें ही वांटणी नव्हे. जीं धड आहेत परंतु घरांत कोणी नेसणार नाहीं, तीं धुऊन, घडी करून, गरजू स्त्रीच्या हातांत मानानें द्यावींत. उरलेल्या विरलेल्या सुती लुगड्यांपैकीं चार निवडावींत, आणि त्यांच्या गोधड्या कराव्यात.

हिशेब सोपा आहे. नऊवारी लुगडें सत्तावीस फूट लांब. त्याचे आडवे चार तुकडे केले कीं प्रत्येक तुकडा पावणेसात फूट लांब व सुमारें पावणेचार फूट रुंद होतो. एका माणसाच्या पांघरुणाला हें माप पुरेसें आहे. चार लुगड्यांचे असे सोळा तुकडे झाले. आतां प्रत्येक गोधडींत चारही लुगड्यांचा एकेक तुकडा घालावा. वरचा थर मात्र प्रत्येक गोधडीला वेगळ्या लुगड्याचा ठेवावा. चार थरांच्या चार गोधड्या होतील. चारींत सासूबाई सारख्याच आहेत. कोणाला जास्त नाहीं, कोणाला कमी नाहीं. तीन गोधड्या तिघी जावांच्या. चौथी कोणाची, असें आपण विचाराल. आपल्या चार पानी पत्रांत नणंदेचा उल्लेख कोठेंच नाहीं. ती असेल तर चौथी गोधडी तिची आहे. आईच्या लुगड्यांची वांटणी सुनांमध्यें चालली असतां लेकीला विचारावयाचें राहून जातें, हें आपल्या एकत्र कुटुंबांतलें फार जुनें विस्मरण आहे; आणि लेक तोंडानें कधीं मागत नाहीं. मधल्या सुनेच्या शब्दाला वजन नसेल, परंतु ही सूचना तिनें केली तर तिला नाहीं म्हणणें कोणालाच जड जाईल.

आतां शिवण्याविषयीं. कापड उजेडापुढें धरावें. जेथें विरळ झालें असेल तें आंतल्या थराला, घट्ट असेल तें वर व खालीं. दोन्ही हातांनीं हलकेच ताणावें. ‘टर्र’ असा आवाज आला तर त्याचें वय झालें असें समजून तें दिव्याच्या वातीला किंवा पुसण्याला ठेवावें. रंग जातो कीं काय हें पाहण्यासाठीं कोपरा कोमट पाण्यांत अर्धा तास भिजवून पांढऱ्या कापडावर दाबावा. नवें कापड जुन्याशीं जोडावयाचें असेल तर तें आधीं धुऊन वाळवावें. नाहींतर पहिल्याच धुण्यांत तें आटतें आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. थर चार-पांचांहून अधिक नकोत. कोरडी गोधडी कितीही जाड बरी वाटली तरी भिजल्यावर ती पिळणाऱ्या हातांचा विचार करावयास हवा.

थर जमिनीवर पसरून, चारही बाजूंनीं ताणून, प्रथम लांब कच्चा टांका घालावा. मग कडेपासून सुरुवात करून, चौकटीच्या आंत चौकट अशा रीतीनें धांवदोरा घालीत मध्यापर्यंत जावें. दोन ओळींत एका बोटाचें अंतर पुरे. मध्यापासून बाहेर जाणारीही रीत आहे, परंतु नवख्या हाताला कडेपासून आंत येणें सोपें जातें. कडेला घट्ट कापडाचा गोट लावावा, कारण गोधडी प्रथम फाटते ती कडेलाच. शिवणयंत्राचा मोह टाळावा. जीर्ण कापड यंत्राच्या दाट टांक्याच्या ओळीवरच उसवतें. कृत्रिम धाग्याचीं पातळें गोधडींत मुळींच घालूं नयेत. तीं घाम शोषीत नाहींत, सुती थरावरून सरकतात, आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. त्यांच्या बाजाराच्या पिशव्या कराव्यात. त्या बळकट होतात व लवकर वाळतात.

रेशमी तुकड्यांचा मार्ग वेगळा. कोपरगांवाजवळच्या येवल्याची हातमागाची पैठणी विणतांना रंगीत धागे एकमेकांत गुंतवीत जातात. त्यामुळें तिचा पदर उलट-सुलट सारखाच दिसतो. पदराची एक बाजू डागळली असेल तर दुसरी बाजू वर घेऊन त्याचा बटवा, तोरण किंवा चौरंगावरचा रुमाल करतां येतो. खणाच्या चोळीचे उरलेले तुकडे लहान असतात, परंतु कांठासह कापून सुती अस्तरावर बसविले तर पोथीचें सुंदर बासन होतें. ज्या जिल्ह्यांत, नेवाशास, शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या जिल्ह्यांतील घरांत ती पोथी प्लास्टिकच्या पिशवींत ठेवलेली पाहून आम्हांस वाईट वाटतें. प्लास्टिकमध्यें ओल कोंडते. सुती अस्तराचें बासन कागदाला श्वास घेऊं देतें.

बाळाच्या दुपट्यासाठीं मात्र जर, टिकल्या, गुंड्या, लोंबते दोरे यांपैकीं कांहींही नको. पुष्कळ घरांत बारशापर्यंत बाळाला नवें कापड घालीत नाहींत. या रीतीचा अर्थ कोणी कांहीं सांगो. शंभर वेळां धुतलेल्या सुती लुगड्याइतकें मऊ कापड कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं, हा तिचा रोकडा गुण आहे.

अलीकडे ठिगळांच्या कामाची हौस वाढली आहे, हें पाहून आम्हांस आनंद होतो. परंतु सुंदर कापड मुद्दाम विकत आणून त्याच्या चिंध्या करणें आणि त्या पुन्हां जोडणें, यांत काटकसर नाहीं. हौस म्हणून तें अवश्य करावें. पण त्याला जुन्याचा सदुपयोग हें नांव देऊं नये. फार तर दर्शनी बाजूला एक हात नवा खण घ्यावा आणि अस्तर, पट्टे, बंद हें सर्व घरच्या तुकड्यांचें करावें.

शेवटीं एक गोष्ट थोडी कठोर वाटली तरी बोलणें अवश्य आहे. आपल्यापैकीं पुष्कळ घरीं गोधडी शिवते ती दुसरीच स्त्री. पाथर्डी-जामखेडकडील बाया दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडीला निघतात तेव्हां त्यांच्या बिऱ्हाडांत गोधडी ही हौस नसते. उघड्या रानांतल्या खोपींत मुलाबाळांची रात्र तिच्यावर निभते. गोधडी शिवण्याची ही विद्या आज मुख्यतः अशाच स्त्रियांच्या हातांत शिल्लक आहे. हातानें दाट शिवलेल्या एका गोधडीला कित्येक दिवस लागतात. तरीही ‘कापड आमचें, दोरा आमचा, तुझी नुसती सुई’ असें म्हणून आपण मजुरी पाडून मागतों, आणि तीच गोधडी पुण्या-मुंबईच्या दुकानांत ‘हस्तकला’ म्हणून टांगलेली दिसली कीं मागतील ती किंमत देतों. गोधडीचा भाव कापडावरून ठरवूं नये, दिवसांवरून ठरवावा. जितके दिवस तितकी रोजी, आणि ती रोजी आपण आपल्या घरीं येणाऱ्या सुताराला किंवा गवंड्याला देतों त्याहून कमी असण्याचें कारण नाहीं. जमल्यास घरांतील एका मुलीनें, आणि मुलानेंही, तिच्याजवळ बसून चार ओळी शिकून घ्याव्यात. म्हणजे तिच्या बोटांना काय पडतें तें सुईच सांगेल.

पुढील महिन्यांत आपण संक्रांतीच्या निमित्तानें लहान मुलांच्या कुंच्या व टोपऱ्यांकडे वळूं. तोंवर माळ्यावरचें गांठोडें खालीं काढून, घरांतील वडील स्त्रीला मध्यें बसवून, एकेक वस्त्र उलगडून ठेवावें. कोणतें कोणाचें, कोणत्या सणाचें, कोणी घेतलेलें, हें तिला विचारून एका कागदावर उतरून घ्यावें. गोधडी शिवून झाली कीं तो कागद तिच्या घडींत ठेवावयाचा आहे.