साल्मोनेला : नियंत्रण स्वयंपाकघरात की पोल्ट्रीत?

रविवारी उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापुरात चिकनच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि सोमवारी दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे पेशंट येतात. "डॉक्टर, बाहेरचं काही खाल्लं नाही, घरीच केलं होतं," असं बरेच जण सांगतात. कारण दर वेळी साल्मोनेलाच असतो असं नाही, पण तो मोठा संशयित नक्कीच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. टायफॉइडचा जंतूही साल्मोनेलाच, पण तो फक्त माणसात राहतो. कोंबडी-अंड्यांतून येणारे त्याचे भाऊबंद वेगळे. त्यांच्यामुळे साधारण ६ ते ७२ तासांत ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. बहुतेक जण आठवड्याभरात ओआरएस आणि विश्रांतीने बरे होतात, अँटिबायोटिक लागत नाही. लहान मुलं, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र धोका जास्त.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूरजवळच्या वेहळोली इथे बर्ड फ्लू आला. कोंबड्या मरू लागल्या, म्हणून यंत्रणा लगेच हलली आणि परिसरातल्या सुमारे २५,००० कोंबड्या नष्ट करायचं ठरलं. साल्मोनेलाची अडचण अशी, की अंडी देणारी कोंबडी बाहेरून ठणठणीत दिसते. ती मरत नाही, म्हणून बातमी होत नाही.

युरोपात कळपांची नियमित तपासणी होते आणि ठरावीक साल्मोनेला सापडलेल्या कळपाची अंडी ताजी म्हणून विकता येत नाहीत. ब्रिटनने १९९८ पासून कोंबड्यांच्या लसीकरणावर भर दिला. २०१७ मध्ये तिथल्या अन्न यंत्रणेने, त्या योजनेचा शिक्का असलेली अंडी गरोदर स्त्रियांनीही अर्धकच्ची खायला हरकत नाही, असं सांगितलं. आपल्याकडे केरळने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली. पाऊल योग्यच, पण ते ताटाजवळचं. माझ्या मते सुरुवात पोल्ट्रीतून व्हावी : कळपांची सक्तीची तपासणी, लसीकरण आणि अंड्यावर फार्मची ओळख. खर्च वाढेल, हे मान्य. पण आज तो खर्च आजारी पडणारं कुटुंब भरतंय.

तोपर्यंत तुमच्या हातात इतकं आहे : कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, जंतू ओट्यावर उडतात. त्याची सुरी-पाट कोशिंबिरीला वापरू नका. चिकन आतपर्यंत शिजवा. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल, तर हाफ-फ्राय टाळा. आणि जुलाबात रक्त दिसलं, ताप उतरला नाही किंवा लघवी कमी झाली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे या.