बाराशे वॉनचे तिकीट

कोरियन मालिका आणि गाणी यांच्या प्रभावामुळे आपल्या महाविद्यालयांतील मुलामुलींना सेऊलमधील वस्त्यांची नावे तोंडपाठ झाली आहेत, आणि त्या मालिकांत वारंवार दिसणारे जेजू बेट आपल्याला परवडेल काय, असा प्रश्न आता प्राध्यापकांच्या खोलीतही ऐकू येऊ लागला आहे. या प्रश्नाला मिळणारी उत्तरे बहुधा युक्त्यांच्या स्वरूपाची असतात. अमुक वारी निघा, तमुक ठिकाणी उतरा, सामान कमी न्या. जणू स्वस्त प्रवास ही प्रवाशाच्या चातुर्याची कमाई आहे! वस्तुतः एखादे स्थळ सामान्य पगारदाराच्या आवाक्यात येते, ते कोणीतरी घेतलेल्या सार्वजनिक निर्णयांमुळे. आणि त्या स्वस्ताईचे बिल कोणीतरी, कोठेतरी भरीत असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जेजू बेट मोलाचे वाटते ते या कारणासाठी.

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यापलीकडील हे ज्वालामुखीजन्य बेट सुमारे १,८५० चौरस किलोमीटरचे आहे. पूर्व-पश्चिम लांबी सत्तर किलोमीटरांच्या आसपास, मध्यभागी १,९४७ मीटर उंचीचा हल्लासान पर्वत आणि लोकवस्ती साडेसहा लाखांहून थोडी अधिक. कोरियन नागरिकांना परदेशप्रवासाची पूर्ण मोकळीक १९८९ पर्यंत नव्हती. त्यामुळे नवविवाहितांनी मधुचंद्रासाठी जेजूलाच जावे, असा तेथे जवळजवळ दंडक होता. परंतु तो प्रवास आयुष्यात एकदा करावयाचा होता. शाळामास्तराने किंवा कारकुनाने शनिवारी उठून जावे, असे ते ठिकाण नव्हते.

हे चित्र पालटले ते मुख्यतः विमानभाड्यामुळे. या शतकाच्या आरंभी बेटाकडे जाणारी हवाई वाहतूक दोन मोठ्या कंपन्यांच्या हाती होती. दोघांचीच मक्तेदारी असली म्हणजे भाडी कोणत्या दिशेने जातात, हे पाठ्यपुस्तकात पाहण्याची गरज नाही. बेटवासीयाला रुग्णालयासाठी वा परीक्षेसाठीही मुख्य भूमीवर जाण्यास दुसरा सोयीचा मार्ग नसल्याने भाडेवाढीचा जाच त्याला अधिक होई. तेव्हा प्रांतशासनाने स्वतःच एका खाजगी उद्योगसमूहाशी भागीदारी करून २००५ मध्ये ‘जेजू एअर’ ही कंपनी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी तिची विमाने उडू लागली. इतर स्वस्त कंपन्याही मागोमाग आल्या. आज सेऊलच्या गिम्पो विमानतळावरून जेजूला जाणारा मार्ग हा जगातील सर्वाधिक वर्दळीच्या हवाई मार्गांत अग्रभागी गणला जातो. सव्वा तासाच्याही आतला हा प्रवास वर्षाकाठी एक कोटीहून अधिक लोक करतात.

या मार्गावरची भाडी म्हणजे मूल्यविभेदाचा वस्तुपाठच होय. गर्दी नसलेल्या हंगामात मंगळवारी वा बुधवारी पहाटेचे तिकीट वीस-तीस हजार वॉनला मिळते, आणि तेच आसन सणाच्या सुट्टीत कित्येक पट महाग होते. (हजार वॉन म्हणजे आजच्या दराने आपले साठ-पासष्ट रुपये.) उडणाऱ्या विमानातील रिकाम्या आसनाचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो. ते भरण्यासाठी कंपनी काहीही घेण्यास तयार होते आणि उरलेला खर्च ज्याची सुट्टी ठरलेली आहे त्याच्याकडून वसूल करते. म्हणजे विद्यार्थी आणि निवृत्त माणूस स्वस्तात जातो, तर ज्याची रजा शाळेच्या वा कचेरीच्या वेळापत्रकाला बांधलेली आहे, तो महागात जातो. वेळेचे स्वातंत्र्य ही येथे संपत्तीच आहे, आणि ती पगारदाराजवळ सर्वांत कमी असते.

बोट स्वस्त आणि विमान महाग, हा आपला अनुभवसिद्ध समज मात्र येथे उलटा पडतो. सेऊलहून मोक्पोपर्यंत जलदगती रेल्वेने अडीच तास आणि तेथून बोटीने चार-पाच तास, या मार्गाचे एकत्रित भाडे स्वस्त विमानतिकिटाहून बहुधा अधिक होते. बोट परवडते ती दक्षिण किनाऱ्याजवळ राहणाऱ्यास, मोटार किंवा पुष्कळ सामान सोबत नेणाऱ्यास, अथवा मोक्पोहून मध्यरात्रीनंतर निघणाऱ्या बोटीत झोपून एका मुक्कामाचा खर्च वाचवू इच्छिणाऱ्यास. वान्दो बंदरातून अंतर कमी आहे, तीन तासांच्या आत बेट लागते.

बोटीचा विषय निघाला म्हणजे १६ एप्रिल २०१४ हा दिवस ओलांडून पुढे जाता येत नाही. इंचॉनहून जेजूकडे निघालेली ‘सेवोल’ ही बोट त्या दिवशी सकाळी बुडाली. बोटीवरील ४७६ पैकी ३०४ जण मृत्यू पावले. त्यांत दानवॉन माध्यमिक शाळेचे २५० विद्यार्थी आणि ११ शिक्षक होते. शाळेची सहल होती. जपानमध्ये अठरा वर्षे वापरलेली बोट विकत घेऊन तिच्यावर वरच्या बाजूस आणखी खोल्या चढविण्यात आल्या होत्या. मंजुरीच्या दुपटीहून अधिक माल भरण्यात आला होता आणि तो दडविण्यासाठी तोल सांभाळणारे पाणी कमी करण्यात आले होते. हे सारे ज्यांनी तपासावयाचे त्यांनी कागदावर शिक्के मारले होते. प्रवाशाने दिलेल्या भाड्यात सुरक्षितता अंतर्भूत असते, असे आपण गृहीत धरतो. पण सुरक्षितता ही डोळ्यांना न दिसणारी वस्तू आहे, आणि न दिसणाऱ्या वस्तूत काटछाट करणे सर्वांत सोपे असते. ग्राहकाला ती पारखता येत नाही. म्हणूनच ती शासनाने पारखावयाची असते. इंचॉन-जेजू सेवा त्यानंतर बंद पडली. २०२१ अखेरीस ती नव्या बोटीने पुन्हा सुरू झाली, पण टिकली नाही.

२९ डिसेंबर २०२४ रोजी जेजू एअरचेच बँकॉकहून आलेले विमान मुआन येथे उतरताना अपघातात सापडले आणि १७९ जण प्राणास मुकले. त्याचा दोष तिकिटाच्या स्वस्ताईवर टाकून मोकळे होणे न्याय्य नाही. विमान ज्या काँक्रीटच्या बांधावर जाऊन आदळले तो बांध विमान कंपनीचा नव्हता, विमानतळाचा होता.

भारतीय प्रवाशापुरती एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. कोरियाच्या मुख्य भूमीसाठी आपल्याला प्रवेशपत्र, म्हणजे व्हिसा, लागतो. परंतु २००२ पासून जेजूने स्वतंत्र सवलत ठेवली असून, परदेशातून थेट विमानाने बेटावर उतरणाऱ्या बहुतेक देशांच्या नागरिकांना तीस दिवस व्हिसाविना राहता येते, आणि भारत त्या सवलतीतून वगळलेला नाही. भारतातून थेट विमान नाही. सिंगापूर किंवा तैपेईसारख्या ठिकाणी विमान बदलावे लागते, आणि या मार्गाने आलेल्यास पुढे सेऊलला जाता येत नाही. अशी सवलत दिली तशी काढूनही घेता येते. २०१८ मध्ये युद्धाने पोळलेले सुमारे पाचशे येमेनी नागरिक क्वालालंपूरहून स्वस्त विमानाने येथे उतरले व त्यांनी आश्रय मागितला, तेव्हा येमेनचे नाव तत्काळ सवलतीतून वगळण्यात आले. तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाकडे चौकशी करणे शहाणपणाचे.

आता बेटावर पोहोचल्यानंतरचा प्रश्न. जेजूवर रेल्वे नाही. कोरियन कुटुंब विमानतळाबाहेर पडताच भाड्याची मोटार घेते, आणि मालिकांतील नायक-नायिकाही तेच करतात. मोटार चालविता न येणाऱ्याची, अथवा तिचे भाडे न परवडणाऱ्याची पूर्वी पंचाईत होती. बससेवा होती, पण शहर ओलांडले की अंतराप्रमाणे भाडे वाढत जाई व मार्गही गुंतागुंतीचे होते. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रांतशासनाने ही सारी व्यवस्था मोडून नव्याने उभारली. बस खाजगी कंपन्यांच्याच राहिल्या, मात्र मार्ग आणि वेळापत्रक शासनाने आपल्या हाती घेतले व तोट्याची भरपाई करण्याचे मान्य केले. साध्या बससाठी सबंध बेटावर एकच भाडे ठरविण्यात आले : रोखीने १,२०० वॉन आणि कार्डाने त्याहून ५० वॉन कमी. शहरातला एक थांबा जा की बेटाच्या दुसऱ्या टोकाला जा, दर तोच. कार्डधारकाला चाळीस मिनिटांच्या आत दोनदा बस बदलता येते आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. उतरतानाही कार्ड यंत्राला लावावे लागते, एवढेच ध्यानात ठेवावयाचे. लाल रंगाच्या जलद बसना मात्र अंतराप्रमाणे अधिक भाडे आहे.

या व्यवस्थेचा उपयोग करून घेणे अवघड नाही. २०१ क्रमांकाची बस पूर्व किनाऱ्याने आणि २०२ क्रमांकाची पश्चिम किनाऱ्याने जेजू शहरापासून दक्षिणेकडील सोग्वीपोपर्यंत जाते. २८१ क्रमांकाची बस हल्लासानच्या पूर्व उतारावरून बेट आडवे ओलांडते. तो रस्ता १६ मे १९६१ च्या लष्करी उठावाची तारीख आपल्या नावात अजून वागवीत आहे. २४० क्रमांकाची बस पर्वताच्या पश्चिमेकडील पायवाटांपाशी सोडते. पर्वतावर चढण्यास प्रवेशशुल्क नाही. मुक्काम जेजू शहरात किंवा सोग्वीपोत बसस्थानकाजवळ, सामायिक खोल्यांच्या साध्या अतिथिगृहात करावा. जेवणासाठी दोन्ही शहरांतील बाजार आहेतच. शाकाहारी माणसाला मात्र भात, भाजी आणि फळे यांवर दिवस काढण्याची तयारी ठेवावी लागेल. मटणाच्या नव्हे तर मासळीच्या रश्शात शिजविलेली भाजी तेथे अनेकांना शाकाहारीच वाटते.

बसचा प्रवास संथ असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. किनाऱ्याची बस खेडोपाडी थांबत जाते आणि मोटारीने तासाभरात होणाऱ्या प्रवासाला दुप्पट वेळ घेते. ज्याच्यापाशी दोनच दिवस आहेत त्याच्या दृष्टीने हा वैकल्पिक खर्च थोडा नव्हे. पण त्या संथ बसमध्ये शेजारच्या आसनावर बाजाराहून परतणारी आजीबाई असते, आणि तिच्याही तिकिटाचे मोल तेच असते. पर्यटकांसाठी वेगळी, चकचकीत आणि महाग गाडी काढण्याऐवजी रहिवाशांचीच बस चांगली करावी आणि पाहुण्याने तीत बसावे, हे धोरण मला अधिक सुसंस्कृत वाटते. त्यातून मिळणारे अनुदान पाहुण्याच्याही पदरात पडते, असा आक्षेप घेता येईल. परंतु तोच पाहुणा मोटारीने फिरला तर रस्त्यावर जी कोंडी करील, तिचा खर्च या अनुदानात धरलेला नसतो. मोटारींची संख्या हाताबाहेर गेल्यामुळेच सप्टेंबर २०१८ पासून भाड्याच्या मोटारींवर कमाल मर्यादा घालण्याची पाळी प्रांतशासनावर आली.

सर्वांत स्वस्त साधन अर्थातच पाय. सेओ म्योंग-सुक या पत्रकार बाईंनी स्पेनमधील सांतियागोची यात्रावाट चालून आल्यावर, आपल्या जन्मबेटावरही अशी वाट असावी या कल्पनेने २००७ मध्ये पहिला ‘ओल्ले’ मार्ग आखला. घराच्या दारापासून रस्त्यापर्यंतच्या अरुंद बोळाला तेथील बोलीत ओल्ले म्हणतात. आज असे २७ मार्ग मिळून ४३७ किलोमीटर होतात. निळ्या-नारिंगी फिती दिशा दाखवितात. कोठेही पैसे द्यावे लागत नाहीत. दगडी कुंपणांची शेते, संत्र्यांच्या बागा आणि समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या वृद्ध स्त्रियांचे किनारे या वाटांवर लागतात. मोटारीतून जाणारा पैसे खर्च करतो ते मोठ्या उपाहारगृहांत. चालणारा थोडे खर्च करतो, पण ते खेड्यातल्या दुकानात.

हे झाले प्रवाशाच्या बाजूचे. बेटाच्या बाजूने पाहिले तर साडेसहा लाखांच्या वस्तीत २०१६ साली दीड कोटीहून अधिक पाहुणे येऊन गेले. पाण्यासाठी हे बेट जवळजवळ सर्वस्वी भूजलावर अवलंबून आहे, सांडपाण्याची व्यवस्था अपुरी पडते, आणि येथील कचरा फिलिपीन्सपर्यंत गेल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये पूर्वेकडील सोंगसान येथे दुसऱ्या विमानतळाची घोषणा झाली, तेव्हापासून बेट दुभंगलेले आहे. फेब्रुवारी २०२१ च्या जनमत चाचण्यांत सबंध प्रांतात विरोधाचे पारडे जड होते, तर खुद्द सोंगसान भागात पाठिंब्याचे. विरोध असतानाही सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ आराखडा अधिसूचित झाला.

पाहुण्यांकडून पर्यावरणासाठी काही शुल्क घ्यावे, हा विचार तेथे अनेक वर्षे चर्चेत आहे. पाहुणे रोडावतील, या धास्तीने तो मागे पडतो. माझ्या मते शुल्क घेणे योग्य आहे. प्रश्न आहे तो कोणाकडून. ते दरडोई सरसकट घेतले तर स्वस्त तिकिटावर आलेल्या विद्यार्थ्याला आणि आलिशान हॉटेलात उतरणाऱ्याला सारखेच पडेल, म्हणजे प्रमाणात विद्यार्थ्याला जड. ते भाड्याच्या मोटारीवर दिवसागणिक आणि महाग खोल्यांवर रात्रीगणिक बसवावे, आणि त्यातून जमणारी रक्कम बसच्या फेऱ्या वाढविण्यासाठी व सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी राखून ठेवावी. शेवटची बस लवकर सुटते, ही तक्रार तेथील खेड्यांतून आजही ऐकू येते.