कॅमेरा घराचा, चित्र कोणाकडे?

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत संध्याकाळी शिरायचे म्हणजे खांद्याला खांदा लावूनच चालावे लागते. दोन्ही बाजूंना वायरींची भेंडोळी, दिव्यांच्या माळा, स्विचची खोकी आणि काउंटरवर गोल डोक्याचे पांढरे कॅमेरे. काही वर्षांपूर्वी इथे कॅमेरा मागायला येई तो दुकानदार, गोदामवाला नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी. आता घरची माणसे येतात. आई-वडील कोथरूडला नाहीतर सहकारनगरला दोघेच, मुलगा परदेशात. त्याला व्हिडिओ कॉलवर धरून वडील काउंटरपाशी उभे असतात आणि पलीकडून प्रश्न येतो, "बाबा, हा अलेक्साला जोडता येईल का, तेवढं विचारा."

जोडता येतो. दुकानदार हो म्हणतो ते खरेच असते. खोक्यावर अलेक्साचे आणि गुगलचे चिन्ह छापलेले असते, मोबाइलमध्ये ॲप घेतले, क्यूआर कोड दाखवला की दहा मिनिटांत काम होते. दारात कोणी आले की हॉलमधल्या छोट्या पडद्यावर चित्र उमटते, जिन्यातला दिवा आपोआप लागतो आणि परदेशातल्या मुलाच्या फोनवर सूचना जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बेल वाजली की उठून दारापर्यंत जायचा त्रास वाचतो. ही सोय खोटी नाही आणि तिला नावे ठेवायचेही कारण नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या शहरात तिची गरजच आहे.

प्रश्न आहे तो चित्र कोणत्या वाटेने जाते याचा. दारापासून हॉलमधल्या पडद्यापर्यंत अंतर असते बारा-पंधरा फूट. पण खोक्यावरच्या पद्धतीने जोडणी केली की चित्र बहुतेकदा आधी कॅमेऱ्याच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तिथून अलेक्साच्या नाहीतर गुगलच्या सर्व्हरशी गाठ पडते आणि मग ते पुन्हा त्याच घरात, त्याच हॉलमध्ये उतरते. मधले सर्व्हर कुठल्या शहरात, कुठल्या देशात आहेत, हे घरमालकाला कोणी सांगत नाही. तोही विचारत नाही.

घराच्या कॅमेऱ्याची सुरुवात अशी नव्हती. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मारी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पतीच्या साथीने घरासाठी कॅमेऱ्याची यंत्रणा बनवली. तिचा अर्ज १९६६ सालचा आणि पेटंट मिळाले २ डिसेंबर १९६९ रोजी. कामाच्या वेळा अवेळी, पोलीस यायला उशीर, म्हणून तिने दाराला वेगवेगळ्या उंचीची भोके पाडून त्यांवर सरकणारा कॅमेरा ठेवला. चित्र घरातल्या पडद्यावर दिसे, बाहेरच्या माणसाशी बोलता येई आणि बटण दाबून दूरवरूनच कडी काढता येई. म्हणजे कॅमेरा, बोलणे आणि कुलूप यांची जोडणी तेव्हाच झाली होती. फरक इतकाच, की चित्र घराबाहेर जात नव्हते. सीसीटीव्ही या शब्दातला पहिला 'सी' म्हणजे क्लोज्ड, बंद. जिथून निघाले आणि जिथे पोचले ती दोन्ही टोके मालकाच्या ताब्यात. आज वायफायच्या कॅमेऱ्यालाही सर्रास सीसीटीव्हीच म्हणतात, पण त्यातले ते 'क्लोज्ड' गेले आहे.

ते गेल्यावर काय होते, याची उदाहरणे आहेत आणि त्यातले एक तर नेमके या जोडणीचेच आहे. जानेवारी २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या एका माणसाने आपला शाओमीचा कॅमेरा गुगलच्या नेस्ट हब या स्मार्ट पडद्याला जोडला. पडद्यावर आपले घर दिसायच्या ऐवजी त्याला परक्यांची घरे दिसू लागली. खुर्चीत डुलकी लागलेला माणूस, पाळण्यातले बाळ. कुणी हॅकर नव्हता, कुणी पासवर्ड चोरला नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने कॅमेऱ्याच्या चित्राचा दर्जा सुधारावा म्हणून साठवणुकीच्या व्यवस्थेत बदल केला होता, त्यातली ही चूक. गुगलला आपल्या उपकरणांशी असलेली शाओमीची सगळी जोडणी तात्पुरती तोडावी लागली. दोन कंपन्यांच्या मधल्या सांध्यात चूक झाली आणि तिची किंमत तिसऱ्याच्या पाळण्यातल्या बाळाने मोजली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वाइझ कंपनीच्या सुमारे १३ हजार ग्राहकांना असेच दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांतले चित्र दिसले. त्याआधी २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या रिंग कंपनीने ५८ लाख डॉलर भरून तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड केली. कंपनीचेच कर्मचारी ग्राहकांच्या घरातली खासगी दृश्ये बघू शकत होते, असा आयोगाचा आरोप होता.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे, असे कुणी म्हणू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधल्या एका प्रसूतिगृहाच्या तपासणी खोलीतली दृश्ये यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला आल्याचे उघड झाले. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी ज्यांना पकडले, त्यांत लातूरचा आणि सांगली जिल्ह्यातला संशयित होता. पुढे तपासातून देशभरातली ठिकाणे निघाली आणि बातम्यांतल्या त्या यादीत मुंबई, नाशिकसोबत पुणेही होते. आणि कुलूप कशाने उघडले? 'ॲडमिन१२३' या पासवर्डने. सोपा, कुणीच कधी न बदललेला.

पुण्यातल्या कुठल्याही इमारतीत कॅमेरा बसताना उभे राहून पाहावे. कारागीर भिंतीला भोक पाडतो, वायर पट्टीत दाबतो, स्क्रू आवळतो. मग तो स्वतःच्या फोनवर ॲप उघडतो, कारण मालकाला ते जमत नाही. स्वतःच्या ईमेलने नाहीतर फोन नंबरने खाते काढतो, कॅमेरा त्याला जोडतो आणि नंतर मालकाच्या फोनला 'शेअर' करतो. मालकाला चित्र दिसते, तो खूश होतो, पैसे देतो. पण कॅमेऱ्याचा खरा धनी, म्हणजे ॲपच्या लेखी धनी, तो कारागीरच राहतो. त्याच्या मनात काही वाईट नसते. त्याच्या फोनमध्ये अशी कितीतरी घरे जमा झालेली असतात आणि तो फोन उद्या हरवू शकतो, विकला जाऊ शकतो.

सरकार जागे झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी जाहीर केल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. नव्या कॅमेऱ्याची सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय तो विकता येत नाही. तपासणीत सांकेतिक रूपात चित्र पाठवणे, उघडे राहिलेले मार्ग बंद करणे, छुपे दार नसणे अशा गोष्टी येतात. चांगला नियम आहे. पण तो नव्या मालाला लागू आहे. कसबा पेठेपासून वाघोलीपर्यंत भिंतींवर आधीच टांगलेल्या कॅमेऱ्यांना तो कसा लागणार? आणि तपासलेल्या कॅमेऱ्यालाही मालकाने सोपाच पासवर्ड दिला, तर प्रयोगशाळा काय करणार?

दुसरी वाट आहे, आणि ती अवघड म्हणून सोडून देण्याइतकी अवघड नाही. घरातली उपकरणे एकमेकांना जोडणारी होम असिस्टंट नावाची मुक्त प्रणाली २०१३ मध्ये पॉलस स्खाउटसेन या तरुणाने लिहायला घेतली. ती घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालते, रास्पबेरी पायवर किंवा जुन्या लॅपटॉपवरही. कॅमेरा घेताना दुकानदाराला एकच विचारायचे, "यात ऑनव्हिफ आहे का, आरटीएसपी मिळतं का?" ऑनव्हिफ म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांची समान बोली. २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ती ठरवायला घेतली. आरटीएसपी म्हणजे कॅमेऱ्याचे चित्र थेट घरच्या वायफायवर घेण्याचा मार्ग. बॅटरीवर चालणाऱ्या बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत तो मिळत नाही. तसा कॅमेरा असेल तर दिसायला कितीही देखणा असो, खाली ठेवावा.

मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन या जोडणीसाठी वेगळे नाव आणि लांबलचक पासवर्ड ठेवायचा, ॲपचा पासवर्ड इथे वापरायचा नाही. राउटरमध्ये कॅमेऱ्याला एक पत्ता कायमचा नेमून द्यायचा, नाहीतर राउटर बंद होऊन चालू झाला की तो पत्ता बदलू शकतो आणि घरची यंत्रणा कॅमेरा शोधत बसते. शेवटी राउटरमध्येच त्या कॅमेऱ्याची इंटरनेटची वाट बंद करायची. चित्र दारातून निघते आणि हॉलमध्ये येते, बस्स. बाहेर माणूस उभा आहे की मांजर गेले, हेही फ्रिगेटसारखी मोफत प्रणाली घरच्या संगणकावर ओळखू शकते. परदेशातल्या मुलाला बघायचे असेल, तर त्याच्या फोनवरून घरापर्यंत व्हीपीएनचा खासगी मार्ग टाकता येतो. एका रविवारचे काम आहे. पुण्यात तर बहुतेक कुटुंबांत हिंजवडीला नाहीतर खराडीला नोकरी करणारे कोणीतरी असतेच. कंपनीचे सर्व्हर रोज सांभाळणाऱ्या त्या भाच्याने एक रविवार मामाच्या राउटरला द्यावा.

घरातल्या घरात जोडणी ठेवण्याचे दुसरेही कारण आहे आणि ते पुणेकराला लगेच पटेल. गुरुवार हा इथे देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा वार. शिवाय रस्ता खोदताना फायबरची केबल तुटली की इंटरनेटही जाते. सगळी जोडणी बाहेरच्या सर्व्हरवर टांगलेली असेल, तर दारातला कॅमेरा आणि जिन्यातला दिवा एकमेकांना ओळखेनासे होतात. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीने आपले सर्व्हर न सांगता बंद केले आणि हजारो घरांतली स्वयंचलित यंत्रणा एका रात्रीत लुळी पडली. राउटर, छोटा संगणक आणि कॅमेरा यांना एक लहान यूपीएस लावला, तर घरातली जोडणी गुरुवारीही काही वेळ चालते. कुलूप मात्र कॅमेऱ्याच्या तालावर आपोआप उघडू देऊ नये. चेहरा ओळखून दार उघडण्याची हौस दुकानात छान वाटते, पण दार उघडायचे की नाही, हे घरातल्या माणसाने ठरवावे.

आणखी एक गोष्ट यंत्राच्या पलीकडची आहे. पुण्यातल्या फ्लॅटची दारे समोरासमोर. आपल्या दारावर कॅमेरा लावला की समोरच्यांचे दार, त्यांची चपलांची मांडणी, त्यांच्याकडे येणारी-जाणारी माणसे, सगळे आपल्याकडे नोंदले जाते. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये चित्राचा काही भाग काळा करण्याची सोय असते. ती वापरावी, आणि बसवण्याआधी समोरच्या काकूंना बोलावून पडद्यावर काय दिसते ते दाखवावे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, पण निव्वळ घरगुती वापराला तो लागू नाही. म्हणून इथे कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. घराच्या आत तर जास्तच जपायला हवे. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले, की बरोबर राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरा चालवणे हा त्यांच्या खासगीपणाचा भंग आहे. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. स्वयंपाकघरात कॅमेरा लावून दिवसभर कामाला येणाऱ्या मावशींवर नजर ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा. त्यांना न सांगता केलेले चित्रण त्यांच्यावर अन्याय करते. आणि जावई-सुनेपासून आजोबांपर्यंत कुणाच्या खोलीत तर कॅमेरा नकोच.

१३ फेब्रुवारी २०१० च्या जर्मन बेकरीतल्या स्फोटानंतर या शहराने रस्त्यावर कॅमेरे हवेत असा आग्रह धरला, आणि तो योग्य होता. रस्ता सगळ्यांचा आहे. घर तसे नाही. कॅमेऱ्याची जोडणी करणाऱ्या कंपन्याही आता एका बोलीकडे येत आहेत. मॅटर या समान मानकात नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅमेऱ्याचा समावेश झाला, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत घरातल्या घरात जोडणी आजच्यापेक्षा सोपी होण्याची आशा आहे. पण भिंतीवर आज जे टांगले आहे, त्याचे काम आजच करायचे आहे.

आज रात्री जेवण झाल्यावर कॅमेऱ्याचे ॲप उघडा. त्यात 'शेअर' किंवा 'फॅमिली' नावाची यादी असते, ती पाहा. खाते तुमच्या नावावर आहे की बसवणाऱ्याच्या, हे तपासा. त्याच्या नावावर असेल तर कॅमेरा रीसेट करून स्वतःच्या नावावर पुन्हा जोडा. ओळखीची नसलेली नावे काढा, पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी चालू करा. आणि आपल्या घरातले चित्र कुठे बाहेर गेल्याचा संशय आला, तर लाजून गप्प बसू नका. www.cybercrime.gov.in या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.